वळणावर रोज मरणारा ड्रायव्हर

आमच्या गावात फिरायला येणाऱ्याला एका दिवसात काय काय दाखवतात, ऐका. सकाळी दीपगृह, तिथून उतारानं खाली येताना मरणाचं वळण, मग लाटांनी पोखरलेली गुहा, दुपारी शिंपल्यांचा किनारा आणि संध्याकाळी सूर्यास्ताचं टोक. यातली बाकीची ठिकाणं आहेत तशी आहेत, कुणी केलेली नाहीत. ते वळण मात्र आमच्या रेडिओनं केलं. आणि त्या वळणावर माझा नवरा रोज मरतो.

साधासुधा मरत नाही. दारू ढोसून, बस दरीत घालून, बसभर माणसं सोबत घेऊन मरतो. असं सांगतात. माइकवरून सांगतात, येणारेजाणारे हळहळतात, फोटो काढतात. आणि हे सगळं चाललेलं असताना तो मेलेला माणूस त्याच बसच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला असतो, कारण बस त्यानंच चालवत आणलेली असते. आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचं डोकं ठिकाणावर राहिलं असतं?

आमचे हे कसे आहेत ते आधी सांगते, म्हणजे माझा संताप कशापायी ते कळेल. माणूस बोलत नाही. लग्न झालं तेव्हा मला वाटलं लाजतायत. वर्ष गेलं तेव्हा वाटलं रागावलेत. मग मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन बसले बसले, आणि कितीतरी वेळानं म्हणाले, "चांगली आहे." तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांच्याकडे शब्दांचा साठाच कमी, आणि आहे तोही जपून वापरायचा असं यांनी ठरवलेलं आहे. सकाळी चहा उभ्यानं पिणार, डबा घेणार, जुन्या चादरीचं एक फडकं मागून घेणार आणि बसची काच आतून-बाहेरून पुसणार. चादरींना आमच्याकडे तोटा नाही. मी गेस्ट हाउसांच्या चादरी धुऊन इस्त्री करून देते. आमची पुढची खोली म्हणजे गोदामच, पाहुणा आला तर आधी खुर्चीवरचा ढीग उचलावा लागतो.

आणि दारू? अहो, या माणसाला खोकल्याचं औषध दिलं तर दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत घोरत पडतो. एकदा कुणाच्या वाढदिवसाला रम घातलेला केक मिळाला, तर दोन घास खाऊन "याला कसलातरी वास येतोय" म्हणून कुत्र्याला घातला. कुत्र्यानं चाटूनपुसून खाल्ला. हा आमच्या घरातला दारूचा सगळा इतिहास.

खरं काय घडलं होतं तेही सांगते. लेक शाळेत होती तेव्हाची गोष्ट. दीपगृहापासून खाली समुद्रापर्यंत रस्ता एकसारखा उतरत जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही, नुसतं खाली पाणी. त्या उतारावर ब्रेक तापतात. यांनी बसच्या मालकांना आधीच सांगितलं होतं की ब्रेकचे लायनर झिजलेत, बदला. मालक म्हणाले, सीझन संपू दे. सीझन संपायच्या आधी ब्रेक संपले. पॅडल दाबलं ते सरळ खाली टेकलं. यांनी काय केलं, बस डोंगराच्या अंगाला घातली. दगडाला घासत, पत्रा फाडत, काचा फोडत नेली आणि वळणाच्या अलीकडे आडवी करून थांबवली. कुणी मेलं नाही. पुन्हा सांगते, कुणीही मेलं नाही. एका बाईचं मनगट मोडलं, एका आजोबांचा दात गेला, यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आजोबा तर दवाखान्यात यांना म्हणाले, दात तसाही हलतच होता.

तेव्हापासून यांनी एक सवय लावून घेतली. त्या उतारावर, वळणाच्या अलीकडे जरा रुंद जागा आहे, तिथे बस थांबवायची. चाकामागे दगड लावायचे, खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहाताची मागची बाजू नेऊन बघायचं, किती तापलंय ते. गार होईपर्यंत बस हलवायची नाही. लायनर नवे आले, बससुद्धा नवी आली, तरी थांबायचंच. 

आता बस थांबली की लोक विचारणारच, इथे का थांबलो? पहिल्यांदा हे सरळ सांगायचे, "ब्रेक बघतो." झालं! बसमध्ये कल्ला. ब्रेक बिघडलेत का, आम्हाला उतरवा, दुसरी गाडी मागवा. एकदा एका कुटुंबानं उतरून भर उन्हात चालत खाली जाणं पसंत केलं आणि वर मालकांकडे जाऊन आरडाओरडा केला. मालकांनी यांना फर्मावलं, वाटेत कुठेही थांबायचं नाही, थेट गुहेपाशी जायचं.

इथे आला रेडिओ. रेडिओ म्हणजे आमच्या बसवरचा गाईड. बसमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत त्याचं तोंड बंद नसतं, म्हणून हे नाव. त्यानं एक दिवस त्या थांब्यावर सांगून टाकलं, "मंडळी, हे मरणाचं वळण! इथे एक बस दरीत गेली होती." लोक एकदम गप्प. मग मोबाइल बाहेर. कुणी म्हणून ब्रेकचा ब सुद्धा काढला नाही. मालक खूश. थांबा कायम झाला.

पुढे ती गोष्ट अशी वाढत गेली की विचारू नका. दरवर्षी मेलेल्यांची संख्या वाढायची. एक नवपरिणीत जोडपं मेलं. मग एक गायक मेला, त्याचं गाणं म्हणे अमावास्येला ऐकू येतं. कुणीतरी कडेला दगड रचायला सुरुवात केली, बघून बघून सगळेच रचायला लागले, आता तिथे ढीग झालाय. चहाची टपरी आली. दुसऱ्या कंपन्यांच्या बसगाड्याही थांबायला लागल्या, कारण त्यांचे प्रवासी म्हणायला लागले, आम्हाला मरणाचं वळण नाही दाखवलं! आणि या सगळ्यात, कधी ते मला माहीत नाही, ड्रायव्हरच्या हातात कुणीतरी बाटली दिली.

मला हे कसं कळलं? चादरी पोचवायला गेस्ट हाउसमध्ये गेले होते. एक बाई जिन्यात दुसरीला सांगत होती, "मेला दारुडा! स्वतः मेला ते मेला, निष्पाप माणसांना घेऊन मेला." मी सहज विचारलं, कोण हो? तर तिनं मला ते सगळं वळण, ती रात्र, पाऊस, बाटली, इत्थंभूत सांगितलं. रात्र! आमची बस भर दिवसा घासली होती. माझ्या हातातला गठ्ठा तिथेच जिन्यावर पडला.

मी तशीच मालकांच्या ऑफिसात गेले. तिथे भिंतीवर समुद्राचे मोठमोठे फोटो, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला शंख, आणि मागे मालक, पंख्याखाली. मला बघून म्हणाले, "या वहिनी, पाणी घ्या."

"पाणी नको. माझ्या नवऱ्याला दारुडा कुणी केलं ते सांगा."

"अहो, नाव कुठे घेतो आम्ही कुणाचं? नुसती गोष्ट आहे."

"गावात दुसरा कुठला अपघात झालाय त्या वळणावर? लायनर झिजले होते तुमचे, आणि तोंड काळं झालं यांचं. छान न्याय आहे!"

मालकांचा चेहरा जरासा पडला. लगेच सावरला. असल्या माणसांचे चेहरे पडून राहत नाहीत. म्हणाले, "गोष्ट नको तर नको, वहिनी. उद्यापासून बंद करतो. पण मग थांबाही बंद. लोकांना ब्रेक बघतोय म्हणून सांगितलं तर माझ्या बसमध्ये कोण चढेल? तुमच्या मिस्टरांना विचारा काय हवंय ते. त्यांना सगळं माहीत आहे."

मी घरी येऊन इस्त्री गरम केली आणि वाट बघत बसले. हे आले. बूट काढतायत न काढतायत तोच मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

हे म्हणाले, "हो."

"दारूचंसुद्धा?"

"हो."

"आणि तुम्ही मूग गिळून गप्प?"

मग हे खुर्चीवरचा चादरींचा ढीग बाजूला ठेवून बसले. त्या दिवशी माझ्याशी जेवढं बोलले तेवढं वर्षभरात बोलले नसतील. म्हणाले, "लोक विचारायचे, चूक कुणाची? ब्रेकची म्हटलं की सगळे आमच्या ब्रेककडे बघणार. मग ड्रायव्हरची. मग ड्रायव्हरनं काय केलं? तर प्यायला होता. रेडिओचा तरी काय दोष? गोष्टीत कुणीतरी वाईट लागतोच."

"मग तो वाईट तुम्हीच का?"

"आता सगळ्याच बस थांबतात तिथे," हे म्हणाले. "त्या निळ्या बसवाल्या कंपनीचा ड्रायव्हर कालचं पोर आहे, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो. तो पण थांबतो. गोष्ट सांगून होईपर्यंत त्याची चाकं गार होतात. थांबू दे. माझं नाव काय, गावात ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे."

म्हणजे बघा! स्वतःच्या नावाला डांबर फासून घ्यायचं, कशासाठी, तर अनोळखी माणसांच्या गाड्यांची चाकं गार व्हावीत म्हणून! मला यांचा इतका राग आला, इतका राग आला, की मी एका चादरीवर इस्त्री तशीच ठेवून दिली आणि ती करपली. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे, यांना तर बरंच वाटलं असेल.

पण ते "गावात ज्याला माहीत आहे त्याला" म्हणून भागणार नव्हतं. लेक शहरात एका दवाखान्यात कामाला आहे. तिथेच काम करणाऱ्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा आम्हाला पसंत होता. त्याचे आईवडील म्हणाले, समुद्रही बघतो आणि तुम्हालाही भेटतो, म्हणून चार दिवस इकडे राहायला आले. होणारे व्याही निवृत्त पोस्टमास्तर. ताठ मान, शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं. पहिल्याच संध्याकाळी, चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारलं, "स्पष्ट विचारतो, राग मानू नका. घरात कुणी घेत नाही ना? माझ्या धाकट्या भावाचं घर त्यानं धुळीला मिळालं. बाकी कशाला माझी हरकत नाही, पण त्याला आहे."

हे म्हणाले, "नाही."

पोस्टमास्तरांनी यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि मान डोलावली. विहीणबाई हसल्या. आणि मग म्हणाल्या काय, "उद्या आम्ही तुमच्याच बसनं फिरायला येणार हं! व्याह्यांची बस सोडून दुसऱ्या बसनं कशाला जायचं?"

 मी पहाटेच जाऊन रेडिओला गाठलं. म्हटलं, "आज दारू काढायची नाही. बाकी हवे तेवढे मार, पण दारू नाही." रेडिओ वाईट नाही हो. त्यानं कानाला हात लावला. "काकू, शपथ. आज पाऊस आणि धुकं, बस्स."

मीही बसमध्ये बसले, दुसऱ्या बाकावर, विहीणबाईंच्या शेजारी. दीपगृह छान झालं. पोस्टमास्तर शेवटच्या पायरीपर्यंत चढून गेले, वरून दिसणाऱ्या बेटांची नावं रेडिओला विचारून घेतली. विहीणबाईंनी माझा हात धरून फोटो काढला. मग उतार सुरू झाला. हे दुसऱ्या गिअरमध्ये बस उतरवत होते, पोस्टमास्तर पलीकडून म्हणाले, "हात चांगला आहे यांचा." मला इतकं बरं वाटलं.

मग थांबा. यांनी दगड लावले आणि चाकांकडे गेले. रेडिओनं माइक घेतला. पाऊस आणला, धुकं आणलं, जोडपं आणलं, गायक आणला, आणि बस दरीत घालून मोकळा झाला. बाटलीचं नावही नाही. मी श्वास सोडतेय तोच मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठून म्हणतात, "अहो, दारूचं राहिलं!"

रेडिओ म्हणाला, "कसलं?"

"वा! गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलं होतंत. ड्रायव्हर दारू पिऊन तर्र होता. मुख्य तेच तर आहे! मी या पाहुण्यांना खास त्याच्यासाठी आणलंय." आणि मग तो माणूस सगळ्या बसला उठून सांगायला लागला, बाटली कुठे होती, झोकांड्या कशा गेल्या. रेडिओ माइक हातात धरून नुसता उभा. गोष्ट त्याच्या हातातून कधीच निघून गेली होती.

पोस्टमास्तरांचा चेहरा लाल झाला. मोठ्यानं म्हणाले, "असल्या माणसाला स्टिअरिंगला हातच लावू द्यायला नको होता. मेला ते बरंच झालं. त्याच्या घरच्यांना कुणी दारात उभं करू नये."

मी उठले. कशी उठले मला माहीत नाही. रेडिओच्या हातातून माइक घेतला. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, लायनर, मालक, डोंगर, हाड, सगळं. आणि मला खिडकीतून हे दिसले. चाकाजवळ वाकलेले, पाठीवर शर्ट घामानं चिकटलेला. आवाज बाहेर जात होता, यांना सगळं ऐकू येत होतं. वर बघितलं नाही. तळहाताची मागची बाजू चाकाजवळ धरली आणि पुढच्या चाकाकडे गेले. मागे निळी बस येऊन थांबली, तिचं ते पोरही उतरून यांचं बघून चाकं तपासायला लागलं.

खरं बोलले तर उद्यापासून इथे कुणी थांबणार नाही. गप्प बसले तर माझा नवरा दारुडा. मग माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं.

"त्या ड्रायव्हरची बायको मी आहे," मी म्हटलं. "तो मेला, खरं आहे. सगळे मेले, खरं आहे. पण तो प्यायला नव्हता. थेंबसुद्धा नाही. मी बायको आहे त्याची, मला माहीत असणार की तुम्हाला?"

मागचे गृहस्थ मटकन खाली बसले. एका मुलीनं मला पाण्याची बाटली दिली. एक म्हातारी रडायला लागली. मी माइक परत देऊन जागेवर येऊन बसले, तर विहीणबाई माझ्यापासून चांगल्या वीतभर लांब सरकल्या होत्या. त्यांच्या पलीकडे पोस्टमास्तर खिडकीबाहेर बघत होते. हे आत आले, सीटवर बसले, आरशातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि बस चालू केली.

गुहेपाशी उतरलो. विहीणबाई मला बाजूला घेऊन कानात म्हणाल्या, "आम्हाला आधी सांगायला हवं होतंत. दुसरं लग्न म्हणजे काही पाप नाही. पण मुलगी कुणाची? आधीच्या यजमानांची, की यांची?"

आता बोला! मी कपाळाला हात लावला. "अहो, एकच यजमान आहेत मला! तेच मेलेत आणि तेच बस चालवतायत!"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं आता ही बाई पळत सुटणार. संध्याकाळी घरी आल्यावर यांनीच सगळं सांगितलं. चार वाक्यांत. ब्रेक गेले, बस डोंगराला घातली, कुणी मेलं नाही, थांबा राहावा म्हणून गोष्ट चालू दिली. पोस्टमास्तर खाली मान घालून ऐकत होते. आपण बसमध्ये काय बोललो ते त्यांना आठवत असणार. मग खुर्चीवरून उठले, यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "मेला ते बरं झालं, असं मी म्हणालो होतो. शब्द मागे घेतो." हे म्हणाले, "जेवून घ्या, गार होतंय." लग्न ठरलं.

इथे संपलं असतं तर मी एवढी चिडून सांगत बसले नसते. पण लोकांना, तुम्हाला सांगते, लोकांना ना, काही म्हणजे काही दिलं तरी ते त्याची माती करतात. त्या दिवशीच्या बसमधल्या माणसांनी जाऊन आणखी माणसांना सांगितलं. पुढच्या बसमध्ये चढणारे विचारायला लागले, ती बायको कुठेय? आणि आमचा रेडिओ! खरं काय ते या मेल्याला पहिल्यापासून माहीत. पण माणसांनी तोंडाकडे बघितलं की त्याच्या जिभेला आवरच राहत नाही. परवा त्यानं वळणावर सांगितलं, "मंडळी, त्या ड्रायव्हरची बायको अजून जिवंत आहे. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. बसमध्ये चढते आणि सांगत सुटते, तो प्यायला नव्हता, प्यायला नव्हता. कोण ऐकणार वेडीचं?" आणि लोकांनी च्च च्च केलं.

हे मला रेडिओनंच येऊन सांगितलं. आज दुपारी, बस शिंपल्यांच्या किनाऱ्यावर उभी असताना, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून हा धावत आमच्या दारात. घाबराघुबरा. मी इस्त्री करत होते.

"काकू, काका बोलले," म्हणाला.

"काय बोलले?"

त्यानं जे सांगितलं ते असं. आज त्यानं ती वेडीची गोष्ट पुन्हा सांगितली. हे बाहेर चाकापाशी होते. बसमध्ये आले. याच्या हातातून माइक काढून घेतला, हिसकावला नाही, हळूच काढून घेतला. आणि बसभर लोकांसमोर म्हणाले, "तो ड्रायव्हर मी आहे. मी मेलो नाही. मी प्यायलो नव्हतो. मालकांनी लायनर बदलले नव्हते, म्हणून ब्रेक गेले. माझी बायको वेडी नाही, ती खरं बोलली. आता इथे ब्रेक गार व्हायला थांबलोय, रोज थांबतो. ते गार होईपर्यंत बस हलणार नाही. ज्यांना उतरायचं त्यांनी उतरा."

"मग?" माझा हात इस्त्रीवर तसाच.

"दोन-चार उतरले, चालत गेले. बाकीचे बसून राहिले. एक आजी म्हणाल्या, होऊ दे बाबा गार, घाई कुणाला आहे. निळ्या बसचा ड्रायव्हर आला आणि काकांना पाणी दिलं. पण काकू, कुणीतरी मालकांना फोन केलाय. मालकांनी उद्या सकाळी बोलावलंय काकांना, चावी घेऊन या म्हणालेत. मलाही बोलावलंय. मी काय करू?"

"उद्या तिथे खरं बोल," मी म्हटलं, "आणि आत्ता माझ्या डोळ्यासमोरून जा."

हे संध्याकाळी आले. बूट काढले. डबा मोरीत ठेवला. खिशातून बसची चावी काढून टेबलावर ठेवली. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काय बोललात तुम्ही बसमध्ये?"

"काही नाही."

"मला सगळं कळलंय. स्वतःला दारुडा म्हणवून घेतलंत, मेलेला म्हणवून घेतलंत, तेव्हा हूं की चूं नाही. आणि मला वेडी म्हटलं तर एवढं?"

यांनी चावी टेबलाच्या आतल्या बाजूला सरकवली. म्हणाले, "ते माझं होतं."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, "परत बोला. इथे, माझ्यासमोर. तसंच्या तसं."

"आता परत काय? झालं ते झालं. वाढ जेवायला."

झालं ते झालं म्हणे! अहो, अख्ख्या संसारात या माणसानं एकदा तोंड उघडलं, माझ्यासाठी उघडलं, माइकवर, बसभर परक्या लोकांसमोर. दात पडलेल्या म्हाताऱ्यांनी ऐकलं, हनिमूनला आलेल्या जोडप्यांनी ऐकलं, त्या निळ्या बसच्या पोरानं ऐकलं. आणि मी, जिच्यासाठी बोलले ती मी, इथे परक्यांच्या चादरींना इस्त्री करत होते! उद्या मालकांच्या ऑफिसात मी जाणार आहे यांच्याबरोबर, हे नको म्हणाले तरी जाणार. नोकरी राहते का जाते ते मालक जाणोत. पण उद्या यांनी तोंड उघडलं, तर मी समोर बसलेली असणार.